दवाखान्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात किती गेलं?

खानापूरहून सकाळच्या बसनं आलेला डबा दुपारी चारच्या बसनं जवळजवळ तसाच परत जातो. बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहा, हातातल्या पिशव्यांच्या वजनावरून कळतं. आहारतज्ज्ञ म्हणून वॉर्डात फिरताना मी अनेकदा पुढचा संवाद ऐकलाय. सिस्टर बैलहोंगलकडची, तिला मराठी बेताचंच. ती विचारते, "ऊटा आतेनु?" सून म्हणते, "हं, आत्री." जेवण झालं. फाइलवर तशी नोंद होते. मी डबा उघडायला सांगते तर भाकरी अख्खी, फक्त एका कोपऱ्याचा घास मोडलेला. आमटीवरची साय सुद्धा हललेली नाही.

सून खोटं बोललेली नसते. जेवणाची वेळ झाली, डबा उघडला, बंद केला, म्हणजे जेवण झालं. चूक प्रश्नातच आहे. "जेवलं का" याच्याऐवजी "किती गेलं" असं विचारलं तर निम्मं काम होतं. हा लेख त्या सुनांसाठी, मुलांसाठी, रात्री वॉर्डात खाटेखाली चटई टाकून झोपणाऱ्या नातवंडांसाठी.

हे काम औषधाच्या खालोखालचं समजू नका. स्वित्झर्लंडमधल्या 8 दवाखान्यांत दोन हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना आपापल्या गरजेप्रमाणे मोजून आहार दिला त्यांच्यातले महिन्याभरात 7 टक्क्यांच्या आसपास दगावले. ज्यांना दवाखान्याचं नेहमीचं जेवण होतं, त्यांच्यातले 10 टक्क्यांच्या आसपास. औषधोपचार दोन्हीकडे चालूच होते.

पहिल्या दिवशी माप घ्या

ॲडमिट झाल्या दिवशीच वजन करून घ्या आणि आकडा स्वतः लिहून ठेवा. सहा महिन्यांपूर्वीचं वजन कुठल्या तरी जुन्या चिठ्ठीवर सापडतं, ते शोधा. समजा आजी 48 किलोची होती आणि आता 42 भरते. 6 किलो कमी झाले, म्हणजे साडेबारा टक्के. तीन ते सहा महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त घट झाली असेल तर तो धोक्याचा आकडा आहे, मग माणूस दिसायला कसाही असो. 5 ते 10 टक्के असेल तरी लक्ष ठेवायला हवं. आजारपणामुळे पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल, तर वजन न बघताच डॉक्टरांना सांगा.

जुनं वजन सापडलं नाही तर अंगावरच्या वस्तू सांगतात. मनगटावर थांबणारी काकणं हात वर केला की कोपराकडे घसरतात. अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला असतो. चोळीच्या बाह्या दोनदा उसवून आत घेतलेल्या असतात. आजोबांच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक असतं.

शिंप्याची टेप असेल तर आणखी सोपं. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर घ्या. 23.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर वजन उंचीच्या मानानं कमीच आहे असं धरून चाला. पोटरीचा सगळ्यात जाड घेर 31 सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू झडले आहेत. पायावर सूज असेल तर मात्र पोटरीवर आणि काट्यावर विश्वास ठेवू नका. सुजेचं पाणी वजन वाढवतं आणि आतला माणूस लपवतं.

खात का नाही, ते बघा

"म्हातारपणी भूक कमीच" असं म्हणून सोडून देऊ नका. आधी तोंड उघडायला लावा.

कवळी कुठे आहे? दहातल्या पाच वेळा तरी ती घरी, देवळीत, डबीत असते. घाईत ॲडमिट केलं, कवळी राहिली आणि आता सात दिवस भाकरी समोर येतेय. कवळी असूनही सैल झालेली असते, कारण वजन उतरलं की हिरड्याही बसतात. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर असेल तर ती बुरशी असू शकते. अँटिबायोटिक किंवा दम्याच्या पंपानंतर होते आणि औषधानं जाते. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या बायकांना मी मिश्रीचं हमखास विचारते. तंबाखूनं भूक मरते, आणि तोंडातला एखादा व्रण तीन आठवड्यांहून जुना असेल तर तो आहारतज्ज्ञाला नव्हे, डॉक्टरांना दाखवायचा.

मग पोट. चार दिवस शौचाला झालं नसेल तर कुणालाही भूक लागणार नाही. मग औषधं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं मळमळतं, मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकनं तोंड लोखंड चाटल्यासारखं होतं, लोहाच्या गोळीनं पोट बिघडतं. आपण होऊन काहीही बंद करू नका, पण डॉक्टरांना नेमकं सांगा, "ही गोळी चालू झाल्यापासून जेवण उतरलंय." आणि मन. नवरा गेल्यापासून आजी एकटी जेवत असेल तर तेही कारणच आहे, आणि तेही राउंडला सांगायचं असतं.

एक कारण दवाखान्यातच तयार होतं. सोनोग्राफीसाठी सकाळपासून उपाशी, ती दुपारी तीनला पुढे ढकलली, दुसऱ्या दिवशी परत उपाशी. विचारायला लाजू नका: ही तपासणी उपाशीपोटीच हवी का? किती वाजल्यापासून? भूल द्यायची असेल तर साधारणपणे सहा तास आधी जेवण आणि दोन तास आधी साधं पाणी थांबवतात. शेवटचा शब्द भूलतज्ज्ञांचा. पण "काल रात्रीपासून काही दिलं नाही" असं पंधरा-पंधरा तास कुणीच सांगितलेलं नसतं, आपणच घाबरून करतो.

एक वही

शाळेची चाळीस पानी वही पुरे. प्रत्येक वेळी काय दिलं आणि त्यातलं किती गेलं, एवढंच लिहा: सगळं, पाऊण, अर्धं, पाव, काही नाही. तीन दिवस सलग. सिस्टर कानडी बोलत असेल तरी "अर्धा" हा शब्द दोन्हीकडे चालतो. दुधाला हालु, अंड्याला तत्ती, पेजेला गंजी, एवढ्यावर भागतं. राउंडला डॉक्टर आले की "जेवत नाहीत हो" म्हणण्यापेक्षा वही पुढे करा. आकडा दिसला की डॉक्टर थांबतात, हे मी बघितलंय.

त्याच 42 किलोच्या आजीच्या वहीतला एक दिवस सांगते. दोन वेळा चहा, चार बिस्किटं, आमटीत बुडवलेली अर्धी भाकरी, मूठभर भात नि सार. घरच्यांच्या मते "बरं गेलं की आज!" मी हिशेब केला तर साडेचारशे कॅलरीच्या आसपास आणि प्रथिनं जेमतेम 9 ग्रॅम.

लागतं किती? आजारी म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण 30 कॅलरी आणि 1.2 ग्रॅम प्रथिनं, जखम किंवा मोठा आजार असेल तर दीड ग्रॅमपर्यंत. म्हणजे या आजीला 1260 कॅलरी आणि 50 ग्रॅम प्रथिनं. गरजेच्या पाचवा हिस्साही प्रथिनं पोटात जात नव्हती, आणि घरचे खूश होते.

पण आधी थांबा

हा भाग वगळू नका. ज्याच्या पोटात आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच गेलेलं नाही, किंवा जो अगदी हाडाचा सापळा झालाय, त्याला एकदम भरपेट खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. उपाशी शरीराला अचानक साखर, पिठूळ पदार्थ मिळाले की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि हृदय, श्वास, मेंदू अडचणीत येतात. धोका पहिल्या पाच दिवसांत जास्त. अशा रुग्णाला डॉक्टर आधी बी-1 जीवनसत्त्व देतात, रक्त तपासतात आणि गरजेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून, कधी त्याहूनही कमीपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. आपलं काम एकच: उपासाचे खरे दिवस सांगायचे. "गावाकडे पंधरा दिवस नुसत्या चहावर होते" हे लाजेनं लपवू नका. खाणं वाढवल्यावर धाप, पायांवर नवी सूज, छातीत धडधड किंवा बरळणं दिसलं तर त्याच मिनिटाला सिस्टरला बोलवा.

डब्यात काय

म्हाताऱ्या माणसाचं पोट लहान असतं. ताट मोठं करून उपयोग नाही, त्याच घासात जास्त भरायचं. आणि दोन जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं द्यायचं.

सगळ्यात कामाची युक्ती दुधाची. अर्धा लिटर दूध उकळून कोमट झालं की साय काढलेल्या दुधाची पावडर 30 ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे, थोड्या दुधात घोटून त्यात मिसळायची. तेवढ्याच अर्ध्या लिटरमध्ये 27 ग्रॅम प्रथिनं आणि चारशे कॅलरी झाल्या. आजीच्या 50 पैकी निम्म्याहून जास्त काम एका तांब्यात आटोपलं. आता हेच दूध दिवसभर वापरा: चहा करायचा तर यात, आंबिलीत हे, भाकरी कुस्करायची ती यात. काळ्या चहाचं पाणी पाजून भूक मारू नका.

आंबील आपल्याकडे घरोघर होते, पण आजाऱ्यासाठी करताना ती नेमकी पातळ करतात. "पचायला हलकी" म्हणून नाचणीचं एक चमचा पीठ आणि तांब्याभर ताकाचं पाणी! त्यात ताकद कसली? दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ पाण्यात कालवून शिजवा, आचेवरून उतरवा, कोमट झाल्यावर वाटीभर ते पावडर घातलेलं दूध आणि चमचाभर तूप घाला. गूळ सगळ्यात शेवटी, गार झाल्यावर. उकळत्या दुधात गूळ टाकला की फाटतं, मग वास येतो म्हणून आजी तोंड फिरवते. खारी आवडत असेल तर पातळ ताकाऐवजी घट्ट दही फेटून घाला, वर जिऱ्याची पूड.

शेंगदाण्याचं कूट हे आपलं हक्काचं. एक भरला चमचा म्हणजे 3 ग्रॅम प्रथिनं नि 60 कॅलरी. कवळी नसेल तर अगदी मऊ वाटून आमटीत किंवा खिचडीत मिसळा, भरड ठेवू नका, घशात अडकतं. मुगाच्या खिचडीत तांदळाइतकीच डाळ घ्या, मऊ गळू द्या, वर तूप. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम डाळीतून 7 ग्रॅम प्रथिनं मिळतात. हुलग्याचं माडगं तोंडाला चव आणतं, तेव्हा ते जेवणाआधी नव्हे, जेवण म्हणूनच द्या, पीठ जरा जास्त घेऊन. डाळ्याचं पीठ दुधात कालवून चालतं. अंड्यात 6 ग्रॅम. उकडून चुरून भातात मिसळलं की चावायचं काम नाही.

माळकरी माणसाच्या खिचडीत गुपचूप अंडं घालू नका. कळतं. एकदा कळलं की तो तुमच्या हातचं दूधही घेत नाही. त्याच्यासाठी दूध पावडर, दही, डाळ, कूट यांवर पुरेसा हिशेब जमतो. एकादशीचंही तसंच: म्हाताऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्या दिवशी राजगिऱ्याची खीर, शेंगदाण्याची आमटी, केळं असं घट्ट काही द्या. आमच्याकडे एका आजोबांनी शेवटी "आजाऱ्याला उपास लागू नाही" हे महाराजांच्या तोंडून ऐकल्यावर मानलं. आमचं शास्त्र तिथं कमी पडलं.

कुंद्याचं अनेकजण विचारतात. खव्याचा पदार्थ आहे, चमचाभर दुपारी खावासा वाटत असेल आणि साखर ताब्यात असेल तर द्या की. तोंडात काही तरी आवडीचं गेलं की पुढचा घास जातो.

डबा लांबून येणार असेल तर दूध-दही-अंड्याचं त्यात भरू नका. पहाटे पाचला केलेलं दुपारी एकला, तेही एप्रिलात, धोक्याचं असतं. गावाहून कोरडं आणा: भाजलेलं नाचणीचं पीठ, कूट, तूप, दूध पावडर. दूध दवाखान्याबाहेर नंदिनीचं पाकीट घ्या, गरम पाणी थर्मासमध्ये.

भरवताना

घरी आजोबा पाटावर बसून, चार माणसांत जेवतात. इथं ते आडवे, पोटावर स्टीलचं ताट, वर पंखा आणि शेजारच्या खाटेवर कुणाची तरी खोकल्याची उबळ. आधी त्यांना खुर्चीत बसवा, किंवा खाटेची पाठ सरळ उभी करून मागे उशा द्या. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, तिन्ही जागेवर. ताट दिसेल असं समोर स्टुलावर. तुम्हीही स्वतःचा घास घ्या, उभं राहून भरवू नका. अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा धरूनच बसा. हाताला थरथर असेल तरी पहिले चार घास त्यांना स्वतः घेऊ द्या.

गिळताना काय होतं ते बघा. घास घेतला की खोकला, डोळ्यांत पाणी, किंवा गिळल्यावर आवाज घोगरा, पाणी साचल्यासारखा येत असेल तर अन्न श्वासनलिकेकडे जातंय. लगेच थांबा. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा घोटही द्यायचा नाही. गुंगीत असलेल्याला भरवायचं नाही. बाकी वेळी हनुवटी थोडी छातीकडे, अर्धा चमचा, आधीचा घास गिळल्याची खात्री, मग पुढचा. पातळ पाण्यापेक्षा पेजेसारखं दाट सहज गिळलं जातं. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

जेवणासाठी नाकातून नळी घातली असेल तर काय, किती, किती वेळानं हे वॉर्डातूनच शिकून घ्या, वर लिहिलेलं नळीला जसंच्या तसं लागू नाही.

पथ्याच्या नावाखाली

शुगर आहे म्हणून भात बंद, बीपी आहे म्हणून मीठ बंद, कोलेस्टेरॉल म्हणून तूप बंद, खोकला म्हणून दही आणि केळं बंद. उरलं काय? खंगलेल्या सत्तरीपुढच्या माणसाचं इतकं कडक पथ्य बहुतेक वेळा फायद्यापेक्षा तोटा जास्त करतं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की यातलं काय सैल करता येईल. साखर थोडी वाढली तर औषध बदलता येतं. दोन आजार मात्र अपवाद. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं, दूध, केळं किती, हे विचारल्याशिवाय वाढवू नका. यकृताचा गंभीर आजार असेल तरी तसंच विचारा, पण तिथं उगीच प्रथिनं तोडूही नका.

सलाईन आणि पावडरी

"डॉक्टर, जेवण जात नाही, एक ग्लुकोजची बाटली तरी लावा, ताकद येईल." हे मराठीतही ऐकते, कानडीतही. 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. 100 कॅलरीही नाहीत, प्रथिनं शून्य. एका केळ्याएवढं. मिठाच्या सलाईनमध्ये तेवढंही नाही. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर सलाईन हवंच, पण ते जेवण नाही.

जाहिरातीतल्या पावडरीच्या डब्यावर 100 ग्रॅममागे प्रथिनं किती ते वाचा. साध्या, साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत 35 ग्रॅम असतात. तिच्यापेक्षा कमी असेल आणि किंमत तिप्पट असेल तर तुम्ही चॉकलेटच्या वासाचे पैसे देताय. डॉक्टरांनी आजारासाठी म्हणून लिहून दिलेलं पोषक पेय वेगळं. ते दिवसाला निदान 400 कॅलरी आणि 30 ग्रॅम प्रथिनं देईल इतकं, आणि महिनाभर तरी घ्यावं लागतं. जेवणाच्या जागी नव्हे, दोन जेवणांच्या मध्ये.

उठवा

नुसतं खाऊन स्नायू भरत नाहीत. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून बघितलं तर पायांचं मांस सुमारे एक किलो उतरलं होतं. आपला माणूस तर आजारी. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून तीनदा खाटेच्या कडेला बसवणं, उभं करणं, खिडकीपर्यंत दोन फेऱ्या. "पडू दे, आराम करू दे" ही माया पायांना महाग पडते.

घरी गेल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या असतात, जेवण नसतं. विचारून लिहून घ्या: रोज किती वेळा, काय, पोषक पेय किती दिवस, परत वजन कधी. वजन उतरण्यामागे टीबी निघाला असेल तर सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात. नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 500 होते. आधार आणि बँकेचं पुस्तक टीबीच्या केंद्रावर द्या. चंदगड-गडहिंग्लजकडून बेळगावला उपचाराला आलेल्यांनी नोंद पुढे कुठल्या केंद्रावर ठेवायची हे निघायच्या आधीच ठरवून घ्या, नाहीतर दोन राज्यांमध्ये हेलपाटे होतात.

वजन आठवडी बाजाराच्या दिवशी करा, म्हणजे विसरायला होत नाही. काटा एकच ठेवा, गावातल्या सोसायटीचा किंवा गिरणीतला, आणि कपडेही साधारण तेच. आठवड्याला पाव-अर्धा किलो चढलं तरी पुष्कळ. दोन बाजार सलग उतरलं, किंवा दोन दिवस वहीत नुसतं "पाव, पाव" यायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. तपासणीला येताना वही, गोळ्यांची पिशवी आणा. आणि कवळी तोंडात घालून आणा, डबीत नको.